ज्या काशीहून गडू आला नाही

संगमनेरहून कर्जत आणि कर्जतहून पुणतांबा असा प्रवास कुणी हौसेनं करत नाही. नकाशात बघाल तर मी आधी नगर जिल्ह्याच्या पार तळाला गेले आणि मग सगळा जिल्हा उलटा चढून गोदाकाठी पोचले. सरळ डोक्याचं माणूस पुणतांबा आधी करील, ते आम्हाला जवळ. पण पुणतांब्याला माझी आत्या राहते आणि तिच्यासमोर मला रिकाम्या हातानं बसायचं नव्हतं. तिच्याकडून काही काढायचं तर आधी दुसरीकडून काहीतरी घेऊन जायला हवं होतं.

संशय हा माझा स्वभाव आहे आणि पोटापाण्याचा धंदाही तोच होता. एका दूध संघात मी तपासनीस होते. कॅन उघडला की आधी वास, मग लॅक्टोमीटर आणि मग दूध आणणाऱ्याचा चेहरा. दुधात पाणी घातलेला माणूस जरा जास्तच गोड बोलतो आणि विचारायच्या आधीच उत्तर देतो. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांनी 'लिही' म्हणून सांगितलंय, तरी नावं मी बदलली आहेत, कारण वाचणाऱ्यांवरही माझा पुरता विश्वास नाही.

तर झालं असं. माझी धाकटी बहीण विजू, वय बावन्न. तिची पाळी जाऊन बरेच दिवस झाले होते आणि अचानक पुन्हा अंगावरून जायला लागलं. चार महिने ती गप्प बसली, मग केतकीनं, तिच्या मुलीनं, तिला ओढून नाशिकला नेलं. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, पिशवी काढली आणि काढलेली गाठ आणखी तपासायला पाठवली.

रिपोर्ट आला तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरीणबाई वयानं केतकीहून थोड्याशाच मोठ्या, त्यामुळे मला आधी त्यांचाच संशय आला. पण बाईंनी कागद ओढून पिशवीचं चित्र काढलं आणि शांतपणे सांगायला लागल्या. गाठ भिंतीत निम्म्याहून कमी शिरलीय, बाहेर कुठं पसरलेली नाही, हे चांगलं. पूर्वी एवढ्यावर आणि वयावर पुढचा अंदाज बांधायचे. आता गाठीची जातही बघतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोघींच्या गाठी पुढे अगदी वेगळ्या वागतात. एक जात दिसायला भयंकर, पण बाई सहसा बरी होते. एक खरोखरच वाईट. एकीला धड कुठलीच खूण नाही. आणि चौथी विजूची.

"पेशी वाढताना चुका होतात," बाई म्हणाल्या. "त्या दुरुस्त करणारी प्रथिनं आपल्या सगळ्यांत असतात. यांच्या गाठीत त्यातली दोन नाहीतच. या जातीचं बहुतेक वेळा चांगलं चालतं, आणि उलटलंच तर हिला लागू पडणारी नवी औषधं आहेत. पण ही दोन नसली की दोष घराण्यातून आलेला असण्याची शंका येते. बाईला पिशवीचा, आणि बाईपुरुष दोघांनाही आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, तोही कमी वयात. तुमच्या घरात कुणाला होतं का?"

"छे! आमच्या घरात कुणालाच नाही," विजू म्हणाली.

इतक्या झटकन म्हणाली, की माझ्या डोळ्यांसमोर कॅनवाले उभे राहिले.

बाईंनी रक्ताची तपासणी सुचवली. आधी विजूचं रक्त, कारण दोष नेमका कोणता ते तिच्यातच सापडणार. तो ओळखल्याशिवाय केतकीचं रक्त तपासलं आणि काही मिळालं नाही, तर त्यावर विसंबता येत नाही. आणि मिळालं तर केतकीची आतड्याची तपासणी आत्तापासून सुरू करायला हवी, सत्ताविसाव्या वर्षापासून. नियमानं तपासत राहिलं तर धोका पुष्कळ टळतो.

विजूनं साफ नकार दिला. केतकीचं लग्न माघात ठरलेलं. "रक्तात आहे म्हटल्यावर कोण करून घेईल तिला? आपल्यात कुणाला नव्हतं, हे माझ्यावरच आलंय, माझ्यापाशीच संपू दे." केतकी म्हणाली, "आई, लग्न माझं आहे आणि रक्तही माझंच आहे." विजू भिंतीकडे तोंड करून निजली. तिचे यजमान जाऊन काही वर्षं झाली, दुसरं समजावणारं कुणी नाही. केतकी माझ्याकडे बघत राहिली.

म्हणून मी निघाले. घरात कुणाला होतं, एवढं एक माणूस तरी दाखवलं की विजूला 'माझ्यापाशीच संपू दे' म्हणता येणार नव्हतं. आई म्हातारपणानं गेली आणि तिच्या माहेरचं मला सगळं ठाऊक. अण्णा, आमचे वडील, ऐन चाळिशीत एसटीच्या अपघातात गेले, त्यांच्या पोटात पुढं काय निघालं असतं कोण सांगणार? उरले अण्णांचे थोरले भाऊ, कर्जतचे काका, ते 'अल्सर'नं गेले असं ऐकलेलं. आणि अण्णांची बहीण, पुणतांब्याची आत्या, ऐंशी ओलांडलेली आणि खुटखुटीत. फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर चेहरा दिसत नाही. विजूला सांगितलं, नातेवाइकांना लग्नाची तारीख तोंडी कळवून येते. "पौषात?" ती म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कर्जतच्या वाटेवर

गाडी भाड्याची, चालवणारा रावसाहेब, जवळच्याच गावचा. पहिले दोन तास मला त्याचाही संशय होता, कारण तो सारखा फोनवर हळू आवाजात बोलत होता. विजूनं तर नाही ना याला पेरलं? लोणीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो तेव्हा मी सरळ विचारलं.

"कुणाशी बोलतोस रे एवढं?"

"मंडळीशी, बाई. म्हैस आटलीया, तिला काय चारायचं त्ये इचारतीया." तो हसला. "तुमास्नी काय वाटलं?"

आटलेल्या म्हशीवर मी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. राहुरीला चहा घेतला. चहावाल्याच्या दुधाचा थेंब मी नखावर ठेवून पाहिला, दूध बेताचंच होतं. नगर शहराच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण रावसाहेबानं बायपासला विचारलं ते "नगरात जायाचं का भाईरून?" असंच. बाहेरूनच गेलो. नगर सोडून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की हिरवं मागं पडतं. आमच्याकडे प्रवरेच्या पाण्यावर ऊस, ऊस आणि ऊस. इकडे जमीन मोकळी, लांबवर कोरडवाहू ज्वारी उभी आणि आभाळ कितीतरी मोठं. मिरजगावच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. रावसाहेब चाक बदलेपर्यंत मी बांधावर बसले आणि त्याला सहज म्हटल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे कुणाला कॅन्सर झाला तर सांगतात का?

"आमच्या म्हातारीला गळ्याचा झाल्ता. समद्या गावाला ठावं हुतं. डबं यायचं की घरोघरनं."

"मग काही त्रास नाही झाला?"

तो पाना फिरवत राहिला. "झाला की. भनीचं लगीन मोडलं. म्होरं दोन वरसं जमलं न्हाई." मग म्हणाला, "पर जमलं शेवटी. चांगलं हाय आता."

म्हणजे विजूचं भय अगदीच हवेतलं नव्हतं. मला ते मुळीच आवडलं नाही.

कर्जत

काकांचा मुलगा श्रीधरदादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गावाबाहेर मळ्यात राहतो. मला पाहून त्याला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदावर काहीतरी दुसरंच पसरलं. मी ओळखलं. हा आपल्यावर संशय घेतोय. मला जरा बरंच वाटलं, बरोबरीचा माणूस भेटल्यासारखं.

वहिनींनी शेतातच आगटी पेटवली होती. गरम हुरडा, लसणाची चटणी, दही आणि गूळ. हातावर कणीस चोळून फुंकर मारून द्यायचं काम दादा करत होता. आमच्याकडे संगमनेरला हुरडा आता विकत घेऊन हौस म्हणून खातात, इथं तो घरचा. दुपारच्या जेवणाला हुलग्याचे शेंगोळे. आमच्या आईचे शेंगोळे पातळ असायचे, वहिनींचे दाट आणि झणझणीत, डोळ्यांतून पाणी काढणारे. मी मागून घेऊन खाल्ले. संशयानं माझी भूक कधी कमी होत नाही.

लग्नाची तारीख सांगितली. दादा म्हणाला, "अरे वा." मग जरा थांबून, "पण सुलू, पौषात कोण आमंत्रण घेऊन फिरतं गं?"

"म्हटलं, लांबचे आधी उरकावेत."

"काका कशानं गेले रे नक्की?" हे मी मध्येच घातलं, चटणी मागावी तसं.

"अल्सर."

"तपासलं होतं?"

"दादाच सांगायचे अल्सर आहे म्हणून." हा आपल्या वडिलांना दादा म्हणायचा. "शेवटी अन्न जात नव्हतं." आणि कणीस खाली ठेवून तो माझ्याकडे रोखून बघायला लागला. "आता तू खरं सांग. तुला आत्यानं पाठवलंय ना?"

"आत्यानं? कशाला?"

"विहिरीकडच्या तुकड्यासाठी. तिची हक्कसोड अजून झालेली नाही. आता म्हातारपणी कुणीतरी कान भरले असणार. आधी आजार विचारायचे, मग वारस विचारायचे, मला कळत नाही होय?"

मी हसले, त्यामुळे तो जास्तच भडकला.

"हसू नकोस. तिला हिस्सा हवा असेल तर जरूर मागावा, पण आमच्या दादांनी तिच्यासाठी काय केलं ते आधी आठवावं. मुंबईला महिनाभर धर्मशाळेत पडून राहिले होते. दोनदा रक्त दिलं सख्ख्या बहिणीला. इथं पेरणी तशीच टाकून!"

"मुंबईला? कधी?"

"कधी म्हणजे, ती काशीला..."

तो थांबला. आगटीशी वाकलेल्या वहिनी तशाच वाकून राहिल्या. दादानं कणीस उचललं आणि नुसतंच हातात फिरवत बसला. नंतर कितीही विचारलं तरी एकच, "दादांनी सांगितलं होतं, तोंडातून काढायचं नाही. तू तिलाच विचार."

निघताना मी त्याला विजूचं सगळं सांगितलं आणि तूही एकदा पोट तपासून घे म्हटलं. तो हो म्हणाला. गाडीत बसले तरी खिडकीशी येऊन विचारलंच त्यानं, "म्हणजे जमिनीचं नाही ना नक्की?"

गडूची गोष्ट

त्या रात्री नगरला मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी पुढं निघालो. वाटेत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती.

मी शाळेत असताना आत्या काशीला गेली होती. म्हणजे तसं आम्हाला सांगितलं होतं. आत्याचे यजमान, आम्ही त्यांना भाऊकाका म्हणायचो, पुणतांब्याच्या घाटावर पौरोहित्य करत. पुणतांब्याला लोक दक्षिण काशी म्हणतात, तरी खऱ्या काशीला जायची हौस असतेच. जवळजवळ दोन महिने लागले त्यांना. आणि आल्यापासून आत्यानं कडक सोवळं धरलं. कुणी शिवायचं नाही, कुणाच्या पंगतीला बसायचं नाही, कुणाकडे राहायला जायचं नाही. दिवसातून चार-चार आंघोळी. लग्नाकार्याला आली तरी लांब, दाराशी पाटावर. आम्ही मुली तिच्या मागं नकला करायचो. विजू तर 'शिवशील, शिवशील!' असं ओरडत अंगणभर पळायची. सगळे म्हणायचे, काशीचं वारं लागलं.

आता जे गेलेत त्यांना ठाऊक असतं, जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काशीहून येणारा माणूस गंगेचं पाणी भरलेले, तोंड बंद केलेले तांब्याचे छोटे गडू आणतो. जवळच्या घरी एकेक देतो. आणि आल्यावर मावंदं घालतो, सगळ्या गोताला जेवण. त्याशिवाय काशी पुरी होत नाही. आमच्या देवघरात तीन गडू होते, आईच्या मावशीचा, शेजारच्या आजींचा आणि हेडमास्तरांचा. आत्याचा नव्हता. मावंद्याची तर मी वाट बघत होते, कारण आई नवं परकर-पोलकं देणार होती. मावंदं झालंच नाही. पुरोहिताच्या घरची काशी, आणि मावंदं नाही?

इतकी वर्षं दुधातलं पाणी शोधत हिंडले मी, आणि हे कधी डोक्यात आलं नाही!

पुणतांबा

कोल्हार, बाभळेश्वर करत राहात्याहून आत वळलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा आणि पाट्या घेऊन बसलेल्या बायका. कर्जतच्या मोकळ्या रानानंतर इथली हिरवी गर्दी डोळ्यांना जड वाटते. गोदावरीला पाणी बरं होतं. घाटावर कुणाचे तरी विधी चालले होते, त्यामुळे मी तिथं न थांबता सरळ गल्लीत शिरले.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं, स्वच्छ. भाऊकाका कधीच गेले, मूलबाळ नाही. शेजारची लता येऊन जाऊन असते. आत्यानं मला दारातच थांबवलं.

"पाय धू. तिथं बस. शिवू नकोस."

तीच आत्या. पांढरी शुभ्र जुनी साडी, अंगाभोवती दोन-तीन घड्या जास्तच, ताठ मान. पेरू कापून तिनं ताटली जमिनीवर ठेवली आणि मागं सरली, मग मी उचलली. रावसाहेबाला ओट्यावर चहा. मी लग्नाची तारीख सांगितली.

"पौषात?" आत्या म्हणाली. या घराण्यात एकाचंही पंचांग कच्चं नाही.

मी बघत होते. पूजेची वेळ झाली. लता हात-पाय धुऊन देवघरात गेली, तिनं देवांना आंघोळ घातली, गंध लावलं. आत्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसून मंत्र म्हणत होती आणि फुलं लताच्या ओंजळीत वरून टाकत होती. शेवटी तिथूनच हात जोडले. मी पेरू चावायचा थांबवला. सोवळ्यातलं माणूस देवघराबाहेर, आणि बिनसोवळ्याची लता आत? सगळ्या गावाला दूर ठेवणारी बाई देवाला हात का लावत नाही?

लता गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, तुझ्या देवघरात गंगेचा गडू कुठाय गं?"

"फुटला."

"तांब्याचा गडू फुटतो?"

तिनं सुरी पुसून फळीवर ठेवली. मग म्हणाली, "श्रीधर बोलला?"

"अर्धंच बोलला."

"बापावर गेलाय. अर्धंच बोलायचं आणि अर्धं पोटात ठेवून मरायचं." तिचा आवाज कोरडा होता. "कशाला उकरतेस? कुणी सांगितलंय तुला?"

मग मी विजूचं सांगितलं. पिशवी काढली ते तिला कुणी कळवलं नव्हतं, आम्हीही तसलेच. गाठीची जात, घराण्याचा दोष, आतड्याचा कॅन्सर, केतकीचं रक्त, विजूचा नकार, सगळं. 'आतडं' हा शब्द आला तेव्हा तिचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

ती उठली. दाराला कडी लावली, खिडकी ओढली. माझ्यासमोर उभी राहून तिनं साडीच्या त्या जास्तीच्या घड्या एकेक करून सोडल्या.

"बघ," ती म्हणाली. "हे माझं सोवळं."

पोटावर डाव्या बाजूला पिशवी चिकटवलेली होती. शौचाची.

"शेवटचं आतडं काढून टाकलं. वाट इथून काढली. यांनी मुंबईला नेलं आणि गावात सांगितलं काशीला जातो. आता बऱ्या पिशव्या मिळतात. तेव्हा कापडाच्या घड्या आणि पट्टा. वास येईल म्हणून आंघोळी. कुणाच्या हाताला लागेल म्हणून शिवू नको. सोवळं आहे म्हटलं की कुणी 'का' म्हणून विचारत नाही गं. सगळे आपणच लांब होतात."

"पण लपवायचं कशाला, आत्या?"

"घाटावर यांना कुणी बोलावलं असतं? ज्याच्या बायकोच्या पोटावर अशी पिशवी, त्याच्या घरचा नैवेद्य कुणी घेतला असता?" मग जरा खालच्या आवाजात, "नैवेद्य मी केलाच नाही कधी. यांनी रांधला जन्मभर. मी इथून सांगायचे, मीठ घाला, पुरे करा. देवघरात त्या दिवसापासून पाऊल नाही ठेवलं. माणसांना फसवलं मी. देवाला नाही."

मला रडू आलं आणि रागही तितकाच आला. दोन्ही मी लपवली नाहीत. म्हटलं, "तू एका शब्दानं बोलली असतीस तर विजू चार महिने गप्प बसली नसती! पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला धरून नेलं असतं!"

"मला काय ठाऊक हे रक्तातून जातं?" ती ओरडली. आत्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "तेव्हा कुणी सांगितलं मला? यांना डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका. मी रोज उद्या मरणार म्हणून जगले. मरणाऱ्या बाईनं घराण्याला कशाला डाग लावून जायचं?"

मग डॉक्टरीणबाईंचं मला आठवलं, की या जातीचं बहुतेक वेळा चांगलं चालतं. ते त्या विजूच्या गाठीविषयी बोलत होत्या, आत्याची गाठ कुणी तपासलीय? पण ती माझ्यासमोर जिवंत बसली होती, एवढं तर मला दिसत होतं. मी तसं म्हटलं. ती खुदकन हसली.

"म्हणजे मी टिकले ते सोवळ्यामुळं नाही म्हण." घड्या पुन्हा नीट करत ती म्हणाली, "विजू ऐकत नाही ना? तुझं ऐकणार नाही ती. तू तिला लहानपणापासून नुसती पकडतच आलीस. चल, मी येते."

"तू? संगमनेरला? राहायला?"

"मग काय इथून मंत्र म्हणू?"

रावसाहेबानं दरम्यान गाडी आतून-बाहेरून पुसली होती. मागचं आसन तर दोनदा. "आजी, तुमी मागं बसा, म्या म्होरं बसतो. शिवायचं न्हाई अजाबात."

"गाडी चालवणारा पुढंच बसतो रे," आत्या म्हणाली, आणि चढताना तोल गेला तेव्हा त्यानं पुढं केलेला हात तिनं धरला. रावसाहेब बावरून माझ्याकडे बघायला लागला.

पुन्हा संगमनेर

सगळ्या वाटेत मला एकच धास्ती होती. विजूनं आत्याला पाहून दार लावून घेतलं तर? किंवा आत्यानंच ऐन वेळी 'सहज आले' म्हटलं तर? लपवायची इतक्या वर्षांची सवय एका दिवसात सुटते यावर माझा विश्वास नव्हता. आत्या खिडकीतून ऊस बघत होती. तिनं मला दोनदा विचारलं, बाहेरचं हे सगळं कधी झालं?

विजू दारात आली आणि आत्याला पाहताच सवयीनं दोन पावलं मागं सरली. पाट शोधायला लागली. केतकी आतून आली, तीही भिंतीला टेकून उभी राहिली. या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला आत्यापासून किती लांब उभं राहायचं ते ठाऊक आहे.

"पाट नको," आत्या म्हणाली. "इकडे ये, विजू."

विजू आली नाही, म्हणून आत्याच तिच्याकडे गेली. तिनं विजूचा हात धरला आणि आपल्या साडीवरून पोटावर ठेवला. विजूला आधी काही कळेना. मग कळलं. ती हात ओढून घेईल असं मला वाटलं, पण तिनं दुसराही हात तिथं नेला.

"हे काय आहे, आत्या?"

"तुझ्या घराण्यात कुणालाच नव्हतं ना? ते हे."

आत्यानं सगळं सांगितलं. मुंबई, धर्मशाळा, काकांचं रक्त, कापडाच्या घड्या. काहीही गाळलं नाही. मी ऐकत होते आणि कुठं पाणी घालते का बघत होते. नाही घातलं.

विजू रडली, भरपूर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "देते मी रक्त. उद्या जाऊ. पण केतकीच्या सासरी काय सांगायचं? सांग ना. लग्न होईपर्यंत तरी काहीतरी सांगावंच लागेल."

मला वाटलं, आता आत्या अडकली. हा प्रश्न तिच्यापुढंही एकदा आला होता, आणि तेव्हा तिनं 'काशी' हेच उत्तर दिलं होतं.

"खरं सांगा," आत्या म्हणाली.

"आणि मोडलं तर?"

"मोडेलही. मी नाही कशाला म्हणू?" आत्या खुर्चीत बसली, दमली होती. "पण विजू, काशीला जाते म्हणून मी घरातून निघाले. ती मी अजून परत आलेली नाही. पोरीला तसं नको पाठवूस."

केतकीनं फोन उचलला आणि "मीच सांगते त्याला" म्हणून गच्चीत गेली. बराच वेळ लागला तिला. त्या मुलाविषयी मला पहिल्यापासून शंका आहे, फार गोड बोलतो. केतकी खाली आली ती म्हणाली, "तो म्हणतोय, नाशिकला मीपण येतो." मी म्हटलं, बघू. येईल तेव्हा खरं.

तो आला, हे इथं नमूद करते. चेहरा उतरलेला होता, पण आला. विजूच्या आणि आत्याच्या रक्तात दोष एकच निघाला. केतकीचं रक्त परवा दिलं आहे, माझंही. निकाल यायचे आहेत. घरात कुणाला झोप नाही, पण कुणी कुणापासून काही लपवत नाही.

तर आत्या आली त्या संध्याकाळी विजूनं पिठलं-भात टाकला. आत्याचं ताट तिनं सवयीनं वेगळं, दाराशी मांडलं. आत्यानं ते उचललं आणि आमच्या ओळीत, माझ्या आणि विजूच्या मध्ये आणून ठेवलं.

"मावंदं राहिलंय माझं," ती म्हणाली. "वाढ गं केतकी."

केतकी भात घेऊन आली आणि लांबूनच, वरून वाढायला लागली. शितं ताटाबाहेर पडली. आत्यानं ताट उचलून पुढं केलं. केतकीची बोटं तिच्या बोटांना लागली, केतकी दचकली, पण आत्यानं हात मागं घेतला नाही.